ग्रसिका-संकोच, शोथजन्य : प्रौढांतील चिकित्सेचा इतिहास व फलनिष्पत्ती

घशापासून जठरापर्यंत अन्न वाहून नेणाऱ्या स्नायुमय नळीस ग्रसिका किंवा अन्ननलिका म्हणतात. प्रौढ व्यक्तीत तिची लांबी सु. २५ सेंमी. असून घास जाताना ती सु. २ सेंमी. व्यासापर्यंत सहज ताणली जाते. दीर्घकाळ टिकलेल्या शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) तिच्या भित्तीत तंतुमय ऊतक निर्माण होते, भित्ती ताठर बनते आणि आतील मार्ग कायमचा अरुंद होतो. या अवस्थेस शोथजन्य ग्रसिका-संकोच असे म्हणतात. मार्गाचा व्यास सु. १३ मिमी.पेक्षा कमी झाला म्हणजे घन अन्न अडकू लागते. प्रथम भाकरी, मांस व कोरडा भात, नंतर मऊ भात आणि अखेरीस पेज व पाणीदेखील उतरेनासे होते. हा ऱ्हास इतका सावकाश होतो, की रोगी नकळत आपला आहार बदलत जातो. तो घास लहान करतो, प्रत्येक घासावर पाणी पितो, पंगतीत जेवणे टाळतो. पुष्कळदा वैद्याकडे तो येतो तेव्हा काही वर्षे लोटलेली असतात.

अरुंद झालेला मार्ग यांत्रिक उपायांनी मोकळा करणे मानवाला तीन शतकांपूर्वीच साधू लागले होते. मोकळा केलेला मार्ग मोकळा ठेवणे मात्र विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत साधले नाही. या विकाराच्या चिकित्सेचा सर्व इतिहास या दोन गोष्टींतील अंतराचा आहे. फलनिष्पत्तीचा विचार करतानाही हे अंतर ध्यानात ठेवावे लागते.

कारणे : प्रौढांतील शोथजन्य संकोचाचे सर्वपरिचित कारण म्हणजे जठरातील अम्लरसाचे ग्रसिकेत होणारे पश्चवहन (उलट दिशेने वाहणे) होय. जठरद्वाराशी असणारी स्नायूंची पकड सैल झाल्यास अथवा जठराचा काही भाग मध्यपटलातून वर सरकल्यास अम्लरस वारंवार वर येतो आणि ग्रसिकेच्या खालच्या भागातील श्लेष्मकलेवर (आतील बुळबुळीत अस्तरावर) व्रण पडतात. व्रण भरून येताना जो वण तयार होतो, तोच आकसून संकोच घडवितो. दुसरे महत्त्वाचे कारण दाहक रसायनांचे प्राशन हे आहे. स्वच्छतागृहे धुण्यासाठी वापरण्यात येणारी अम्ले चुकून वा आत्मघाताच्या हेतूने प्यायल्याने ग्रसिका व जठर ही दोन्ही भाजतात व पुढील काही आठवड्यांत संकोच निर्माण होतो. तिसरे कारण अलीकडच्या काळात ओळखले गेलेले इओसीनरागी ग्रसिकाशोथ हे असून त्याचे वर्णन पुढे केले आहे. यांखेरीज क्षयरोग, प्रारण-चिकित्सा, नाकावाटे दीर्घकाळ ठेवलेली नळी, तसेच डॉक्सिसायक्लिनासारखी औषधे पाण्याशिवाय गिळून लगेच आडवे होणे यांमुळेही शोथ व संकोच उद्भवू शकतात.

ग्रसिकेच्या खालच्या टोकाची स्नायुपकड सैल न होणे, रक्तक्षयी स्त्रियांत ग्रसिकेच्या वरच्या भागी आढळणारा पातळ पडदा आणि कर्करोग या विकारांतही गिळण्यास अडचण येते. चाळिशीनंतरच्या, विशेषतः तंबाखूचे सेवन करणाऱ्या रोग्यात कर्करोग नाही अशी खात्री ऊतक-परीक्षेने करून घेतल्यावाचून संकोचास शोथजन्य म्हणता येत नाही.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शरीरात रुतलेली शल्ये काढण्याचे उपाय सांगताना घशात अडकलेल्या हाडाचा विचार केला आहे. केसांचा गुंडा दोऱ्यास बांधून तो पातळ अन्नाबरोबर गिळावयास द्यावा आणि मग ओढून घ्यावा, म्हणजे त्यात गुंतून हाड बाहेर येते, असा त्यातील एका उपायाचा आशय आहे. माधवनिदान या ग्रंथात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात ऊर्ध्वग म्हणजे वरच्या दिशेने जाणाऱ्या प्रकाराचे वर्णन आढळते. आंबट ढेकर व छातीतील जळजळ ही लक्षणे अशा रीतीने भारतीय वैद्यांस पूर्वापार ठाऊक होती. त्या जळजळीचा ग्रसिकेतील व्रणाशी व व्रणाचा संकोचाशी असलेला संबंध जोडला जाण्यास मात्र ग्रसिकेच्या आत पाहण्याची सोय व्हावी लागली.

शलाकांचे युग : इंग्रज वैद्य टॉमस विलिस (१६२१–७५) यांनी १६७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका वृत्तांतात, देवमाशाच्या लवचीक हाडाच्या टोकास स्पंज बांधून ग्रसिका मोकळी केल्याचे नमूद केले आहे. तो रोगी पुढे कित्येक वर्षे स्वतःच ही काठी वापरून अन्न खाली ढकलीत असे. त्याचा विकार शोथजन्य नसून स्नायुपकडीचा असावा, असे आज मानले जाते. तथापि चिकित्सेचे तत्त्व तेथे प्रथम स्पष्ट झाले. पुढील दोन शतके मेणाच्या शलाका वापरात होत्या. अल्जीरियातील बूझी (आताचे बेजाया) या बंदरातून येणाऱ्या मेणावरून मेणबत्तीस व पुढे शलाकेसही यूरोपीय भाषांत तेच नाव पडले.

या पद्धतीत वैद्य केवळ हाताच्या अंदाजाने शलाका आत सारीत असे. संकोच वाकडा असल्यास टोक भित्तीतून पार होई आणि छातीत जंतुसंसर्ग होऊन मृत्यू ओढवे. प्रतिजैव पदार्थ उपलब्ध नसलेल्या काळात या अपघातातून रोगी क्वचितच वाचे. ज्यांच्यात शलाका जातच नसे, त्यांच्यासाठी पोटाच्या भित्तीतून थेट जठरात मार्ग करण्याचा प्रयत्न फ्रान्समधील स्ट्रॅस्‌बर्ग येथे सेदियो यांनी १८४९ मध्ये केला, पण रोगी दगावला. अशा शस्त्रक्रियेनंतर रोगी जगल्याचे उदाहरण लंडनमध्ये सिडनी जोन्स यांनी १८७५ मध्ये घडविले. रोगी जगे, परंतु तोंडाने जेवण्याचे सुख त्यास परत मिळत नसे.

अंतर्दर्शन व क्ष-किरण : जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल (१८२२–१९०२) यांनी १८६८ मध्ये फ्रायबर्ग येथे तलवार गिळून दाखविणाऱ्या एका खेळकऱ्याच्या साहाय्याने ग्रसिकेतून सरळ धातूची नळी घालून आत पाहण्याचा प्रयोग केला. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागल्यावर दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी प्राण्यांना बिस्मथयुक्त अन्न देऊन गिळण्याची क्रिया पडद्यावर पाहिली. पुढे बिस्मथाऐवजी बेरियम सल्फेट वापरात आले व संकोचाची जागा, लांबी आणि आकार शलाका घालण्यापूर्वीच कळू लागले.

अमेरिकन वैद्य शेव्हॅल्यर जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी नळीतून प्रत्यक्ष पाहून शलाका घालण्याचे तंत्र शिस्तबद्ध केले. कपडे धुण्याचे दाहक क्षार प्यायलेली अनेक मुले त्यांच्याकडे येत. केवळ संकोच रुंदावून न थांबता त्यांनी अशा पदार्थांच्या डब्यांवर विषसूचक चिठ्ठी असावी म्हणून अनेक वर्षे खटपट केली आणि १९२७ मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला. या विकारातील सर्वांत परिणामकारक उपाय रुग्णालयाबाहेरचा असू शकतो, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

धातूची नळी सरळ व ताठ असल्यामुळे रोग्यास ती अतिशय त्रासदायक होई. १९५४ मध्ये लंडन येथे हॅरल्ड हॉपकिन्झ व पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, असे दाखविले. त्याच तत्त्वावर बेझिल हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये लवचीक अंतर्दर्शक तयार केला. व्यवहारात ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणून ओळखली जाणारी परीक्षा यातूनच विकसित झाली. बारीक तार प्रथम संकोचापलीकडे नेऊन तिच्यावरून शलाका सरकविणे, तसेच अंतर्दर्शकातूनच फुगा नेऊन तो संकोचात फुगविणे या पद्धती पुढे रूढ झाल्या. एका बैठकीत अडथळा जाणवू लागल्यानंतर एकेक मिमी.ने वाढत्या तीनपेक्षा अधिक शलाका घालू नयेत, हा संकेतही सर्वत्र पाळला जाऊ लागला. आज विस्फारणामुळे (रुंदीकरणामुळे) भित्ती फाटण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे १ टक्क्यापेक्षा कमी आहे. दाहक रसायनांमुळे झालेल्या लांब व वेड्यावाकड्या संकोचात ते अधिक असते.

कारणाचा शोध व शस्त्रक्रिया : जठररसामुळे ग्रसिकेत व्रण पडू शकतात, असे जर्मनीत हाइन्‍रिख क्विंके यांनी १८७९ मध्ये वर्णिले होते. न्यूयॉर्कमधील ॲशर विंकलस्टाइन यांनी १९३५ मध्ये पचनरसजन्य ग्रसिकाशोथ हा स्वतंत्र विकार म्हणून मांडला. इंग्लंडमधील लीड्झ येथील शस्त्रक्रियातज्ञ फिलिप ॲलिसन यांनी १९४६ ते १९५१ या काळात पश्चवहन, मध्यपटलातील अंतर्गळ व संकोच यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आणि अंतर्गळ दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया सुचविली. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे रूडोल्फ निसेन (१८९६–१९८१) यांनी जठराचा वरचा भाग ग्रसिकेभोवती गुंडाळून पश्चवहन रोखण्याची शस्त्रक्रिया १९५५ मध्ये केली. ती पुढे जगभर रूढ झाली. संकोचामुळे ग्रसिका आखूड झालेल्या रोग्यांसाठी बर्मिंगहॅमच्या कॉलिस यांनी १९५७ मध्ये जठराच्या भागापासून ग्रसिकेची लांबी वाढविण्याची युक्ती मांडली. संपूर्ण नळीच निकामी झाली असल्यास तिच्या जागी जठर किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा बसविणे शक्य झाले.

या शस्त्रक्रियांच्या फलनिष्पत्तीबाबत ॲलिसन यांनी दाखविलेला प्रामाणिकपणा उल्लेखनीय आहे. वीस वर्षांचा आढावा घेऊन १९७३ मध्ये त्यांनी आपल्याच शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ निम्म्या रोग्यांत विकार पुन्हा उद्भवल्याचे प्रसिद्ध केले. तसेच अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून पश्चवहनासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचा दहा-बारा वर्षांनंतर मागोवा घेतला असता त्यांतील ६२ टक्के रोगी अम्लविरोधी औषधे नियमित घेत असल्याचे २००१ मध्ये दिसून आले. शस्त्रक्रियेचा तात्काळ परिणाम व दीर्घकालीन परिणाम एकच मानता येत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

अम्लनिरोधक औषधे : जेम्स ब्लॅक (१९२४–२०१०) व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये वापरात आले. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत विभागून मिळाले. त्याच वर्षी जठरातील अम्लनिर्मितीची अखेरची पायरीच रोखणारे ओमेप्राझोल बाजारात आले. या दोन गटांच्या औषधांतील फरक संकोचाच्या रोग्यांत विशेष प्रत्ययास आला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत विस्फारण झालेल्या ३६६ रोग्यांपैकी काहींना ओमेप्राझोल व काहींना सिमेटिडिनाच्याच गटातील रॅनिटिडीन देण्यात आले. वर्षभरात पुन्हा विस्फारण करावे लागलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३० टक्के, तर दुसऱ्या गटात ४६ टक्के होते. ज्या विकारात वैद्य तीनशे वर्षे शलाकेवर विसंबून होते, त्यात रोजच्या एका गोळीने शलाकेची गरज लक्षणीय प्रमाणात कमी केली. यानंतर अम्लजन्य संकोचाचे रोगीच कमी आढळू लागले आणि शोथ शमल्याशिवाय विस्फारण टिकत नाही, हे तत्त्व सर्वमान्य झाले.

याच तत्त्वाचे निराळे रूप क्षयजन्य संकोचात दिसते. त्यात क्षयविरोधी औषधांचा पूर्ण क्रम घेतल्यास शोथ नाहीसा होतो व विस्फारणाची गरज सर्वांनाच पडत नाही.

इओसीनरागी ग्रसिकाशोथ : तरुण पुरुषांत, अम्लाचा संबंध नसतानाही, घास वारंवार अडकण्याचा एक विकार ॲटवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये आणि स्ट्राउमान यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९९४ मध्ये स्वतंत्र म्हणून ओळखला. यात ग्रसिकेच्या अस्तरात इओसीनरागी कोशिका (ॲलर्जीच्या विकारांत वाढणाऱ्या श्वेत कोशिका) मोठ्या संख्येने साचतात. दूध, गहू, अंडी यांसारख्या खाद्यपदार्थांची ॲलर्जी हे त्यामागील प्रमुख कारण असते. स्वित्झर्लंडमधील २०० रोग्यांच्या २०१३ च्या अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी सु. १७ टक्के रोग्यांत संकोच आढळला, तर निदानास वीस वर्षांहून अधिक विलंब झालेल्यांत हे प्रमाण सु. ७१ टक्के होते. उपचाराविना राहिलेला शोथ काळाच्या प्रमाणात तंतुमयता वाढवितो, याचा हा अत्यंत स्पष्ट पुरावा होय.

या विकारात विस्फारण धोक्याचे आहे, अशी प्रारंभी समजूत होती. २०१७ मध्ये ८४५ रोग्यांवरील १,८२० विस्फारणांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा ९५ टक्के रोग्यांस आराम पडल्याचे व भित्ती फाटण्याचे प्रमाण ०·३८ टक्का असल्याचे आढळले. या विस्फारणांमुळे एकही मृत्यू झाला नव्हता. मात्र विस्फारणाने आतील शोथावर काहीच परिणाम होत नाही. त्यासाठी अपायकारक अन्न वर्ज्य करणे, अम्लनिरोधक औषधे किंवा गिळून ग्रसिकेच्या अस्तरावर कार्य करणारी स्टेरॉइडे यांचा उपयोग करावा लागतो. शोथाच्या साखळीतील विशिष्ट संदेशवाहक रोखणारे ड्यूपिल्यूमॅब हे औषध या विकारासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाले.

हट्टी संकोच : दर दोन आठवड्यांनी पाच बैठका करूनही मार्ग १४ मिमी.पर्यंत रुंदावता येत नसेल, तर त्या संकोचास हट्टी म्हणावे आणि तेवढा रुंदावूनही तो चार आठवडे टिकत नसेल, तर त्यास पुनरावर्ती म्हणावे, अशी व्याख्या २००५ मध्ये करण्यात आली. अशा संकोचात स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) करून मग विस्फारण करण्याच्या पद्धतीत भारतीय संशोधकांचे कार्य महत्त्वाचे आहे. चंडीगढ येथील संशोधकांनी २००२ मध्ये निरनिराळ्या कारणांनी संकोच झालेल्या ७१ रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला व त्यात विस्फारणाची वारंवारता घटल्याचे दाखविले. अमेरिकेतील ३० रोग्यांच्या २००५ च्या चाचणीत अम्लजन्य संकोचासाठी अंतःक्षेपण मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी ६० टक्क्यांना पुन्हा विस्फारण करावे लागले. दाहक रसायनांनी झालेल्या इजेची प्रतवारी करण्याची जगभर वापरली जाणारी पद्धतही चंडीगढ येथेच १९९१ मध्ये सिद्ध झाली. काही रोग्यांत तात्पुरती जाळीदार नळी बसवितात. याने भागले नाही, तर शस्त्रक्रिया हाच उपाय उरतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती : मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज व जमशेटजी जिजीभाई रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. परळ येथे राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय १९२६ मध्ये, तर टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. टाटा रुग्णालयात अर्नेस्ट बोर्जिस (१९०९–६९) यांच्यासारख्या शल्यविशारदांनी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची परंपरा निर्माण केली. १९६३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई कर्करोग नोंदणी कार्यालयाच्या नोंदींतून ग्रसिकेच्या कर्करोगाचे शहरातील महत्त्व स्पष्ट झाले. त्यामुळे येथील वैद्यांच्या मनात गिळण्याच्या तक्रारीबरोबर कर्करोगाची शंका प्रथम येते. ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु कर्करोग नाही असे ठरल्यावर ‘काही नाही’ असे सांगून रोग्यास परत पाठविणे हे शोथजन्य संकोचाच्या दृष्टीने घातक ठरते, कारण उपचाराचा खरा काळ तोच असतो.

या प्रश्नाची दुसरी बाजू विठ्ठलवाडीसारख्या उपनगराकडे पाहिल्यास ध्यानात येते. कल्याण–कर्जत लोहमार्गावरील कल्याणनंतरचे हे पहिलेच स्थानक असून त्याच्या एका अंगास कल्याण पूर्वेची व दुसऱ्या अंगास उल्हासनगरची दाट वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आसपास अंबरनाथ, डोंबिवली, शहाड येथे रासायनिक व कृत्रिम धाग्यांचे उद्योग वाढले. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही या भागातील सार्वजनिक रुग्णालये होत. विशेष उपचारांसाठी मात्र सु. ५० किमी. अंतरावरील परळचा रस्ता धरण्याची रीत येथे जुनी आहे. हट्टी संकोचाच्या रोग्यास पहिल्या पाच बैठकांतच आठ आठवडे घालवावे लागतात. प्रत्येक बैठक म्हणजे उपाशी पोटी केलेला लोकलचा प्रवास, सोबतीस येणारे घरचे माणूस आणि दोघांचीही बुडालेली मजुरी. दोन बैठकांनंतर घास उतरू लागला, की तिसरीस न येण्याचा मोह प्रबळ होतो. जळजळ थांबली, की गोळीही सुटते. काही महिन्यांनी संकोच परत येतो. वैद्यकीय चाचण्यांतील आकडे नियमित येणाऱ्या रोग्यांचे असतात. अंतर व खर्च यांमुळे मध्येच सुटलेल्या रोग्यांची फलनिष्पत्ती त्यांत उमटत नाही. म्हणून विस्फारणाची सोय रोग्याच्या घराजवळच्या रुग्णालयात असणे हा सोयीचा नव्हे, तर परिणामाचाच भाग मानला पाहिजे.

प्रतिबंधाबाबतही हेच म्हणता येईल. अम्लाच्या किरकोळ विक्रीवर नियंत्रण आणण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अम्लहल्ल्यांच्या संदर्भात दिले. त्यांची काटेकोर अंमलबजावणी झाल्यास दाहक संकोचही कमी होतील. घरात अम्ल कधीही पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. ते पोटात गेल्यास रोग्यास उलटी करवू नये, कारण त्यामुळे ग्रसिका दुसऱ्यांदा भाजते.

फलनिष्पत्तीचे मोजमाप : मार्ग किती मिमी. रुंदावला, हे सर्वांत सोपे मोजमाप असले, तरी पुरेसे नाही. सर्व प्रकारचे अन्न गिळता येणे येथपासून लाळही न गिळता येणे येथपर्यंतच्या पायऱ्या ठरवून गिळण्याच्या क्षमतेची नोंद करतात. दोन विस्फारणांमधील काळ, वजनातील वाढ व ऊतक-परीक्षेत दिसणारा शोथ यांचाही विचार करावा लागतो. ही चारही मोजमापे एकत्र पाहिल्यास आजची स्थिती आशादायक आहे. अम्लजन्य व इओसीनरागी संकोचाचे बहुसंख्य रोगी शस्त्रक्रियेविना पुन्हा नेहमीचे जेवण घेऊ शकतात. दाहक रसायनांच्या संकोचात मात्र उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागतात. छातीत वारंवार जळजळ होणे, घास अडकणे किंवा जेवताना सतत पाणी प्यावे लागणे ही लक्षणे काही आठवड्यांहून अधिक टिकल्यास अंतर्दर्शन करून घ्यावे. तंतुमय वण बनण्यापूर्वीचा शोथ औषधाने पूर्ण बरा होऊ शकतो. वण बनल्यानंतर तो रुंदावता येतो, पण नाहीसा करता येत नाही.